आई, निकदेमानेही हेच विचारलं होतं

प्रिय आई, प्रिय बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आधी ठरलेलं सांगून टाकते, मग हवं तेवढं रागवा. येत्या महिन्यापासून दर पहिल्या रविवारी दुपारी मंडळीचे पाळकसाहेब घरी येऊन तुम्हा दोघांना प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला देतील. माझं त्यांच्याशी बोलणं झालंय. तुम्हाला न विचारता केलं, हे खरं. पण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "त्यांना कशाला त्रास?" आणि विषय तिथेच मिटला असता. बाबा, याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय बघा. आजारी माणसाने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं, असं तिथे स्पष्ट आहे. बोलावणं हे आजाऱ्याचं काम, येणं हे त्यांचं. मी जवळ असते तर हाताला धरून नेलं असतं. नाहीये, याची टोचणी मला रोज आहे. पण माझ्या नसण्यामुळे तुम्ही प्रभूच्या मेजावाचून राहावं, हे मला बघवत नाही.

आई, तू परवा फोनवर म्हणालीस, "आता या वयात काय नवं व्हायचंय?" योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाच्या यहुदी अधिकाऱ्याने येशूला रात्री नेमकं हेच विचारलं: म्हातारा झालेला माणूस जन्म कसा घेणार? त्याला त्या रात्री सगळं उमगलं, असं योहान कुठेच लिहीत नाही. तो पुन्हा दिसतो सातव्या अध्यायात, सभेत येशूच्या बाजूने एकच वाक्य बोलताना. आणि मग एकोणिसाव्यात, येशूच्या दफनाच्या वेळी, गंधरस आणि अगरू यांचं शंभर लित्रा मिश्रण घेऊन आलेला. आजच्या हिशेबाने तीस किलोंच्या वर. अंधारात लपून आलेला माणूस एवढं ओझं घेऊन येशूच्या दफनाला येतो. तुझं नवं होणंही असंच हळू चाललेलं असेल, तुला दिसत नसेल इतकंच.

पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (४:१६) म्हणतो की बाहेरचा देह झिजत असतानाच आतला माणूस दिवसेंदिवस नवा होतोय. तिथलं मूळ ग्रीक क्रियापद वर्तमानकाळी आहे आणि कर्मणी आहे. म्हणजे काम चालू आहे, आणि करणारा देव आहे. आपण फक्त त्याच्या हाताखाली बसायचं. बाबांना वाटतं की तरुणपणीचा तो उत्साह परत आला म्हणजेच नवं झालो. उत्साह शरीरावरही अवलंबून असतो, रात्रीच्या झोपेवर, साखरेवर. त्यावरून आत्म्याचं मोजमाप करू नका.

इस्राएल लोकांना रानात देवाने खायला दिलेला मान्ना आठवा. माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप, तोही त्या दिवसापुरता. उद्यासाठी ठेवला तर किडे पडले. काल मिळालेल्या समाधानावर आज चालत नाही ते यामुळेच. त्यात तुमचा विश्वास कमी पडला, असं अजिबात नाही.

म्हणून रोजचं थोडं धरा. सकाळी पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. सुरुवातीला तासभर बसायचा बेत करणारे लोक आठवड्याभरात गळतात, आणि मग चुकलेल्या दिवसांची भरपाई करायला जातात. भरपाई करायचीच नाही. चुकलं तर चुकलं, आजच्या तारखेपासून पुढे.

स्तोत्रांचा हिशेब असा: दीडशे स्तोत्रं, तीस दिवस, म्हणजे रोज पाच. आजची तारीख घ्या आणि तीसतीस मिळवत जा. चार तारखेला ४, ३४, ६४, ९४, १२४. पाचही वाचू नका, त्यातलं एक निवडा. एकोणतीस तारखेला ११९वं येतं, त्याची १७६ वचनं आहेत. ते त्या दिवशी सोडून द्या आणि एकतीस तारखेसाठी राखा. त्याचे आठ-आठ वचनांचे बावीस भाग आहेत, एका वेळी एकच भाग. अठ्ठावीसला ८८वं आलं तर घाबरू नका. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. अशीही प्रार्थना देवाने आपल्या पुस्तकात ठेवली आहे, हे मला फार मोठं वाटतं.

त्यानंतर लूकची दहा वचनं. लूक मुद्दाम, कारण त्याच्या पहिल्या दोन अध्यायांत बरीच वयस्क माणसं आहेत: जखऱ्या, अलीशिबा, शिमोन, हन्ना. नव्या कराराची सुरुवात त्यांच्या हातावर झाली. रोज दहा धरली तर पुस्तक सुमारे चार महिन्यांत होईल. आईने वाचावं, बाबांनी ऐकावं. मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र मागवलंय. दिवा डाव्या खांद्यामागून येऊ दे, समोरून आला की गुळगुळीत कागद चमकतो. बाबा, गुडघे टेकायचे नाहीत. म्हातारा याकोब काठीच्या टोकावर टेकून भजला, आणि इब्री लोकांस पत्रात त्याची नोंद विश्वासाची म्हणून आहे. तुम्ही खुर्चीत बसून, काठीवर हात ठेवून करा.

रात्री पाच मिनिटं. दिवसातलं एक उपकाराचं, एक चुकलेलं, नाव घेऊन सांगायचं आणि क्षमा मागून झोपायचं. यादी करू नका. इथेच आईचा घात होतो. चाळीस वर्षांपूर्वी कबूल केलेलं तू पुन्हा पुन्हा काढतेस. आठवण येणं आणि क्षमा न मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवण आली की "हे झाकलं गेलंय" एवढंच म्हण आणि पुढे जा. ५१व्या स्तोत्रात दावीद शुद्ध हृदय "उत्पन्न कर" म्हणतो. तिथे तेच हिब्रू क्रियापद आहे, जे उत्पत्तीच्या पहिल्या वचनात आकाश आणि पृथ्वीसाठी आलंय. जुन्याची डागडुजी तो मागतच नाही.

आणि म्हणून, आई, काकूचं. रागावू नकोस. दिवाणखान्यात तुमचं बिनसलं त्या संध्याकाळपासून तू प्रभुभोजनाला नुसती बसून राहतेस, हात पुढे करत नाहीस, हे मला लहानपणापासून दिसतंय. तू १ करिंथ ११:२८ मनात धरून बसली आहेस. पण तिथे स्वतःची परीक्षा करून दूर राहा असं नाही, परीक्षा करावी आणि *मग खावं* असं आहे. मत्तय ५ मध्ये अर्पणाआधी समेट करायला सांगितलंय, त्याप्रमाणे काकूला दोन ओळी लिही. कोण बरोबर होतं हे लिहू नकोस, खुलासाही नको. "माझ्याकडून दुखावलं गेलं, क्षमा कर," एवढंच. उत्तर नाही आलं तरी तुझा भाग पुरा झाला. तू चुकलीस म्हणून मी हे सांगत नाहीये. इतकी वर्षं तू उपाशी उठतेस, ते मला सोसत नाही.

बाबा, कुणी पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला सांगत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. बाप्तिस्मा एकच, इफिस ४:५. ल्यूथरने १५२९च्या लहान प्रश्नोत्तरीत लिहिलंय की आपल्यातला जुना आदाम, म्हणजे पापी स्वभाव, रोजच्या पश्चात्तापाने बुडायचा आणि नवा माणूस रोज वर यायचा. पाणी एकदाच, बुडणं रोज. बाप्तिस्म्याच्या वेळच्या वचनांची उजळणी करायची असेल तर पाळकसाहेब घरीच करून घेतील.

आता प्रभुभोजनाच्या दिवसाचं. मेजावर स्वच्छ कापड, पवित्र शास्त्र, पाण्याचा पेला. बाबांना ठसका लागतो, म्हणून भाकरीचा तुकडा नखाएवढा आणि बुडवून द्यायला मी सांगितलंय. पाठ सरळ ठेवून, हनुवटी किंचित खाली घेऊन गिळा. गोळ्या आणि जेवण नेहमीच्या वेळेलाच. उपास दोघांनीही करायचा नाही, साखरेच्या औषधावर तो धोक्याचा आहे.

आणि झोप उडाली, जेवण जाईना, दोन आठवडे मन उतरलेलंच राहिलं, तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. देवाची वाणी नंतर आली. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही.

बाबा, तुमच्या शालीत डोकं खुपसून मी तेविसावं स्तोत्र ऐकायचे, आणि "मृत्युछायेच्या" म्हणताना तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवायचात. तो हात मला अजून तिथेच लागतो. तेवीस तारखेला ते आवाज चढवून म्हणा, आईला ऐकू येईल असं. मी त्याच वेळी इथे म्हणेन.

मोठ्या अक्षरांचं पुस्तक शुक्रवारी पोचेल. आई, चष्म्याची काच पुसून ठेव, आणि काकूचा पत्ता माझ्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे.

तुमची,
बाळ