आरोग्यमंत्री साहेब, स्किझोफ्रेनियाचं निदान पाच मिनिटांत होत नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

साहेब, सातारा जिल्ह्यात स्किझोफ्रेनियाचे (म्हणजे भ्रम आणि भास होणाऱ्या मनाच्या आजाराचे) पेशंट किती असतील याचा अंदाज बांधायला फार मोठा सर्व्हे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्याप्रमाणं जगात साधारण ३०० ते ३५० माणसांमागं एकाला हा आजार असतो, २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा ३० लाखांचा होता, म्हणजे ढोबळ हिशोबानं साडेआठ ते दहा हजार माणसं झाली. त्यातली किती तुमच्या खात्याच्या रजिस्टरला आहेत ते तुम्ही मागवून बघा. बाकीची कुठं आहेत म्हणाल तर माणच्या एखाद्या वस्तीवर मागच्या खोलीत आहेत, पाटण-जावळीच्या डोंगरात आहेत, एसटी स्टँडवर बसलेली आहेत, आणि बरीचशी घरातच आहेत, फक्त पाहुणे आले की त्यांना आत बसायला सांगतात.

मी खटाव तालुक्यातली, लग्न होऊन कराडला आले. माझ्या धाकट्या भावाला हा आजार आहे आणि हे पत्र मी त्याला विचारून लिहितेय, नाव घालू नको एवढंच म्हणाला. मला एकच गोष्ट तुमच्या कानावर घालायचीय की या आजाराचं निदान ऐकून होतं, ऐकायला वेळ लागतो आणि माणूस लागतं, आणि नेमकं तेच आमच्या तालुक्यांना मिळत नाही.

भाऊ आजारी पडला तेव्हा वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून एमआरआय केला. रिपोर्ट नॉर्मल आला आणि सगळी भावकी म्हणायला लागली बघा काही नाही झालंय, नाटकं करतोय. स्किझोफ्रेनिया एमआरआयमध्ये दिसत नाही, रक्तात सापडत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. स्कॅन, थायरॉइड, बी-१२, एचआयव्ही या तपासण्या करतात त्या दुसरं काही नाही ना हे बघायला, कारण मेंदूज्वर, फिट, मेंदूतली गाठ, डोक्याला मार, गांजा, दारू एकदम बंद केल्यावर होणारी बडबड, यातल्या कशानंही माणसाला नसलेले आवाज ऐकू येऊ शकतात. खोल डिप्रेशनमध्ये येतात, बायपोलरमध्ये (कधी अतिउत्साह, कधी उदासी अशा आजारात) येतात, बाळंतपणानंतर एखादीला येतात. ताप आला म्हणजे टायफॉइडच असं कुणी म्हणत नाही तसं आवाज ऐकू आले म्हणजे स्किझोफ्रेनियाच असं नसतं, फक्त टायफॉइडला रक्ताची टेस्ट आहे आणि इथं सगळं विचारून विचारून काढावं लागतं.

आता निकष मला पाठ झालेत. पाच प्रकारची लक्षणं बघतात, एक म्हणजे मनात पक्का बसलेला भ्रम जो काही केल्या हलत नाही (माझ्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय, जेवणात काहीतरी घालतायत), दुसरं भास, तिसरं बोलण्याचा धागा तुटत जाणं, चौथं वागणं विस्कळीत होणं नाहीतर तासन् तास एकाच जागी थिजून बसणं, आणि पाचवं म्हणजे बोलणं, इच्छा, चेहऱ्यावरचे भाव हळूहळू आटत जाणं. अमेरिकेतल्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निकषांच्या पुस्तकाप्रमाणं यातली किमान दोन लक्षणं महिनाभर हवीत, त्यातलं एक तरी पहिल्या तिघांतलं हवं, आणि एकूण त्रास सहा महिन्यांचा हवा, शिवाय कामात, नात्यात, स्वतःची काळजी घेण्यात घसरण झालेली हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडीत, म्हणजे आजारांच्या यादीत, मुदत एक महिन्याची आहे. त्याहून कमी दिवसांचं असेल तर आजाराचं नाव वेगळं, आणि तसा अचानक उठणारा सायकोसिस (भ्रम-भासांमुळं वास्तवाचं भान सुटणं) आपल्याकडं बराच दिसतो, त्यातले पुष्कळ जण दोनतीन महिन्यांत पूर्ण बरे होतात. म्हणजे पहिल्याच दिवशी जन्माचा शिक्का मारायचा नसतो, आणि शिक्का मारायचा नाही म्हणून उपचारही थांबवायचे नसतात, कारण उपचाराविना जितके महिने जातात तितकं पुढं सावरणं अवघड होतं.

मग हे महिने मोजायचे कुणी? पेशंट स्वतः सांगत नाही, त्याच्या लेखी तो आजारीच नसतो आणि हा आजाराचाच भाग आहे. घरचे सांगतील म्हणावं तर आमच्या भागाचं गणित वेगळंय. माण-खटावची, तिकडं विटा-आटपाडीची पोरं अठरा-एकोणीस वर्षांची झाली की गलाईच्या कामाला बाहेर पडतात, सोनं-चांदी गाळायच्या दुकानात, पार तमिळनाडू, केरळ, बंगालपर्यंत. आणि हा आजार पोरांमध्ये बहुतेक सुरू होतो तो नेमका याच वयात, विशीच्या आगंमागं (बायकांमध्ये थोडा उशिरा). म्हणजे सुरुवात ज्यांनी बघितली ती माणसं हजार किलोमीटरवर आणि पोराला घेऊन दवाखान्यात बसलेले आईबाप इथं. माझा भाऊ चुलत्याच्या दुकानात होता कोइमतूरला. तिथं त्याची झोप गेली, भट्टीपाशी एकटाच बोलायला लागला, दुकानातलं जेवण सोडून फक्त पाकिटबंद बिस्किटं खायचा, हे बरेच महिने चाललेलं, पण हे माहिती चुलतभावाला. ओपीडीत आईला विचारलं कधीपासून, आई म्हणाली आठ दिवस झालं, कारण तिच्यापुढं तो आठ दिवसांपूर्वीच येऊन उभा राहिला होता. केसपेपरवर आठ दिवस लागले. कोइमतूरला एक फोन लावला असता तर सगळं कळलं असतं, पण दाराबाहेर लाईन लागलेली, एकटा डॉक्टर फोन लावणार कधी. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांच्या शेजारी एक सोशल वर्कर बसलेली असती तर तिनं बाहेर बाकड्यावर आईशी आणि फोनवर चुलतभावाशी बोलून पानभर माहिती आत पाठवली असती.

पुढं काय झालं तर डॉक्टर बदलत गेले आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात, एका चिठ्ठीवर सायकोसिस, दुसरीवर बायपोलर, तिसरीवर स्किझोफ्रेनिया. वडील म्हणाले यांना कुणालाच काही कळत नाही आणि गोळ्या बंद झाल्या. खरं म्हणजे नाव बदलणं ही लबाडी नसते, काळाबरोबर लक्षणं पुढं येतात तसं चांगला डॉक्टरसुद्धा मत बदलतो, बदलायलाच पाहिजे, पण ते घरच्यांना बसवून सांगावं लागतं आणि जुने कागद नव्या डॉक्टरपुढं यावे लागतात.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. १९६०-७० च्या काळात न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलांत स्किझोफ्रेनियाचं निदान लंडनपेक्षा कितीतरी जास्त व्हायचं, लोकांना वाटायचं तिकडं आजारच जास्त असेल. मग एकाच टीमनं दोन्ही शहरांतल्या पेशंटना एकाच पद्धतीनं, ठरलेले प्रश्न विचारून तपासलं तर तो फरक बहुतेक उडून गेला, म्हणजे पेशंट तसे सारखेच होते, बघणाऱ्यांची पट्टी वेगळी होती. जागतिक आरोग्य संघटनेनं नऊ देशांत असाच अभ्यास केला त्यात आपलं आग्रासुद्धा होतं, आणि तिथंही दिसलं की नीट आणि सारखे प्रश्न विचारले तर हा आजार देशोदेशी ओळखता येतो. प्रश्न विचारायची पद्धत तयार आहे साहेब, ती काल-परवाची नाही. विचारायला बसायला माणूस नाही.

आणि माणूस नाही म्हणून लोक देवऋषाकडं जातात. मी त्यांना नावं ठेवणार नाही. देवऋषी गावात असतो, रात्री बोलावलं तरी येतो, आणि तासभर बसून सगळं ऐकून घेतो, कधीपासून, कुणाशी भांडण झालं, झोपतो का, खातो का. आमच्या आईचं इतकं कुणी ऐकलंच नव्हतं. दुखतं पुढं, जेव्हा बाहेरचं आहे म्हणून पोराला साखळी लागते, धुरी देतात, मारतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर याच साताऱ्याचे, त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यात भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं-मारणं गुन्हा आहे. २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्ण ठेवायच्या जागेला आग लागली तेव्हा २८ जणांचा जीव गेला, साखळीनं बांधलेल्यांना पळता आलं नाही. कायदा हवाच, पण साखळी सोडवल्यावर त्या पोराला घेऊन जायचं कुठं हे सांगणारं ठिकाण तालुक्यात असेल तरच आई ती सोडेल.

इथं दुसरीही बाजू सांगते. मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत एखाद्या बाईच्या अंगात आलं म्हणून ती मनोरुग्ण होत नाही. त्या प्रसंगापुरतं येतं, सगळ्यांना ते ओळखीचं असतं, घरी येऊन ती भाकरी थापते, शेतात जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या तिसऱ्या कलमात लिहिलंय की समाजाच्या चालीरीतींशी, श्रद्धांशी जुळत नाही एवढ्यावरून कुणाला मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही, निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच करायचं. चांगलं कलम आहे. पण हा फरक ओळखायचा तर त्या बाईचं घर, तिची पद्धत, तिची भाषा कळणारं कुणीतरी समोर बसलेलं पाहिजे.

सगळ्यात जास्त पोळणारी गोष्ट म्हणजे ती पाचवी, आटत जाणारी लक्षणं. आवाज गोळ्यांनी बरेच कमी होतात पण पोरगं आंघोळ करत नाही, दिवसभर पडून राहतं, बोललं तर हूं म्हणतं, आणि घर त्याला आळशी म्हणतं, फुकट खाऊ म्हणतं. तो आळस नाही, आजार आहे, आणि त्यावर आजची औषधं कमी पडतात म्हणून तिथं काम, सराव, बोलणारी माणसं लागतात. मग कुणीतरी म्हणतं लग्न करून टाका, सुधरेल. साहेब, लपवून लावलेल्या अशा लग्नात एका मुलीचं आयुष्य जातं, ताणानं त्या पोराचा आजारही उसळतो, आणि उलटं सुनेला हा आजार निघाला तर तिला माहेरी आणून सोडतात, गोळ्यांसकट. ज्या बाईला बाळंतपणानंतर महिनाभर त्रास झाला आणि ती पूर्ण बरी होणार होती तिलासुद्धा याच नावाखाली टाकून दिलेलं मी पाहिलंय. नीट निदान का हवं याचं याहून मोठं कारण माझ्याकडं नाही.

आता मागणं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, त्याच्या आराखड्यात सायकियाट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स असं पथक आहे. तरी निमहान्सच्या (बेंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या) २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नाहीत. माझं म्हणणं आहे की दहिवडी, वडूज, पाटण, मेढा अशा तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातला एक ठरलेला वार ठेवा, शक्यतो बाजाराचा, कारण त्या दिवशी एसटी आणि जीप मिळते. पथक तेच ठेवा, दर वेळी नवा डॉक्टर नको. नव्या पेशंटला पहिल्या भेटीत तासभर द्या, त्यातला निम्मा सोशल वर्करनं घरच्यांशी आणि गावाबाहेर असलेल्या नातेवाइकांशी फोनवर बोलण्यात घालवला तरी चालेल. १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेची लाईन चांगली आहे, धीर येतो, पुढचा सल्लाही मिळतो, पण समोरच्याच्या डोळ्यांकडं, हातांच्या थरथरीकडं कुणीतरी एकदा तरी बघितलं पाहिजे.

औषधांचं तर कायद्यातच लिहिलंय, अठराव्या कलमात, यादीतली आवश्यक औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडं कायम आणि मोफत. कायम हा शब्द आहे तिथं. आम्हाला एका ठिकाणी 'वरून आलं नाही' हे इतक्यांदा ऐकावं लागलं की शेवटी मेडिकलमधून घ्यायला लागलो, ज्यांना परवडत नाही ते बंद करतात आणि बंद केलं की आजार पुन्हा उसळायची भीती असते. गोळ्या चुकतात त्यांच्यासाठी दोन ते चार आठवड्यांनी एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्राची सिस्टर देऊ शकते. दोन औषधांनी फरक पडत नाही त्यांच्यासाठी क्लोझापिन आहे, त्याला सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं कारण पांढऱ्या पेशी घसरू शकतात, पण तपासणी साधी सीबीसीची आहे, तालुक्यालाच होऊ शकते. माझा भाऊ त्याच औषधावर आज घरची जनावरं बघतो, डेअरीला दूध घालतो, हिशोब ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की तीनातला किमान एक जण लक्षणांतून पूर्ण बाहेर येतो, हे कुणी आमच्या वडिलांना पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर त्यांनी चिठ्ठ्या फाडल्या नसत्या.

त्याच कायद्याच्या एकतिसाव्या कलमात असंही आहे की लोकसंख्येच्या प्रमाणात मनोविकारतज्ज्ञ आणि बाकीचे तज्ज्ञ आंतरराष्ट्रीय निकषाइतके व्हावेत म्हणून सरकारनं कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत प्रयत्न करायचे आहेत. लागू झाला २०१८ ला. मुदत २०२८ ला संपते. म्हणून माझी विनंती आहे की सातारा जिल्ह्याचा तालुकावार तक्ता खात्यानं जाहीर करावा, किती पदं मंजूर, किती भरली, कोणत्या ग्रामीण रुग्णालयात ही ओपीडी कोणत्या वारी भरते, मागच्या वर्षात नवे पेशंट किती नोंदले आणि कोणतं औषध किती दिवस संपलेलं होतं. तक्ता इंग्रजीत वेबसाइटवर टाकून भागणार नाही, मराठीत छापून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावा, आशाताई तो वाचून बाकीच्या घरांना सांगतील.

आपली,
खटाव तालुक्यातली एक बहीण