हायडन म्हणजे बीथोव्हेनची प्रस्तावना नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला सिंफनीवरचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेवरचा, लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात या विषयाला अर्धं पान मिळालं, त्याबद्दल आधी आभार. मात्र अठराव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार योझेफ हायडन याच्या वाट्याला त्यात जेमतेम तीन वाक्यं आली: मोत्सार्टचा स्नेही, बीथोव्हेनचा गुरू आणि संस्थानिकाच्या पदरी सुखाने राहून गमतीदार सिंफन्या लिहिणारा गृहस्थ. पहिल्या दोन गोष्टी खऱ्याच आहेत. तिसरी वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

ती सुखाची नोकरी कशी होती पाहा. ऑस्ट्रियातल्या रोहराऊ गावी, गाड्यांची चाकं बनवणाऱ्या कारागिराच्या घरी १७३२ साली जन्मलेला हा मुलगा व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन्स या मोठ्या चर्चमध्ये गाणाऱ्या पोरांत होता. आवाज फुटला आणि गच्छंती झाली. मग शिकवण्या, रस्त्यावर वाजवणं, आणि पोर्पोरा या इटालियन गायनगुरूकडे साथ करता करता वरकाम. (गुरूघरी राबायची रीत तिथेही होती म्हणायची!) १७६१ साली एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याशी त्याचा करार झाला. पांढरे मोजे, पांढरा सदरा, केसांना पावडर अशा गणवेशात दुपारच्या आधी आणि नंतर बाहेरच्या दालनात हजर राहायचं आणि आज संगीत हवंय का, हे विचारायचं. वादकांची भांडणं मिटवायची, वाद्यांची निगा राखायची. सरकार सांगतील ते लिहायचं आणि लिहिलेलं बाहेर कुणाला द्यायचं नाही. ही शेवटची अट १७७९ च्या नव्या करारातून गेली, तेव्हा कुठे त्याला आपल्या रचना राजरोस विकता येऊ लागल्या.

गंमत अशी, की याच नोकरीने त्याला घडवलं. हाताशी रोजचा वाद्यवृंद होता. सकाळी लिहावं, वाजवून बघावं, फसलेलं छाटावं, जमलेलं वाढवावं. जगापासून लांब होतो, गोंधळात पाडणारं जवळ कुणी नव्हतं, म्हणून मला स्वतंत्र व्हावंच लागलं, असं त्याने म्हातारपणी ग्रीझिंगर या चरित्रकाराला सांगितलं. शंभरावर सिंफन्यांचं रहस्य मला तरी इथेच दिसतं.

आता ‘फेअरवेल’, म्हणजे ४५ क्रमांकाची सिंफनी. तुमच्या लेखात ती वादक एकेक करून उठून जातात या विनोदापुरती आली आहे. १७७२ साली हायडनचा मालक प्रिन्स निकोलाउस एस्टरहाझी याने एस्टरहाझाच्या राजवाड्यातला मुक्काम लांबवला होता आणि वादकांना तिथे बायकामुलं आणायला बंदी होती. अपवाद मोजक्यांचा, त्यात हायडन होता. म्हणजे त्याने हे केलं ते इतरांसाठी. (त्याचं स्वतःचं बायकोशी फारसं पटत नव्हतं, हे वेगळं.) पण विनोद येतो तो अगदी शेवटी. त्याआधीचं संगीत ऐकलं तर हसू फुटणार नाही. पट्टी एफ शार्प मायनर, तेव्हा सिंफनीला जवळजवळ कुणीच न घेतलेली. त्या काळच्या हॉर्नला कळा नसत, त्यामुळे या पट्टीसाठी जादा नळ्या मुद्दाम करवून घ्याव्या लागल्या. सुरुवातीलाच व्हायोलिनं वरून खाली झेप घेतात आणि खालची साथ तालाच्या आड येत राहते. हा सरळसरळ संताप आहे, आणि तो मालकासमोर, मालकाच्याच खर्चाने वाजवलेला. चौथा भाग असाच धावत असताना मध्येच थांबतो आणि एक संथ चाल सुरू होते. पहिला ओबो (सनईसारखं वाद्य) आणि दुसरा हॉर्न वाजवणारे आपापला तुकडा वाजवून उठतात. मग बासून हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा जातो. डबल बासला एरवी कोण विचारतो, पण जाण्याआधी त्याला खास एकट्याची जागा दिली आहे. मेणबत्त्या विझत जातात आणि उरतात आवाज दाबलेली दोन व्हायोलिनं. दुसऱ्या दिवशी मुक्काम हलवायचा हुकूम निघाला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. अर्ज करण्याची ही तऱ्हा मला मोर्च्यापेक्षा भारी वाटते.

लेखात दोन चुकाही राहून गेल्या आहेत. लंडनमध्ये झुंबर कोसळलं आणि श्रोते बचावले, तो प्रसंग ९६ क्रमांकाच्या ‘मिरॅकल’ सिंफनीचा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो १७९५ मध्ये १०२ क्रमांकाच्या सिंफनीच्या पहिल्या प्रयोगाचा आहे. श्रोते हायडनला जवळून बघायला पुढे सरकले होते, म्हणून मागच्या रिकाम्या खुर्च्यांवर ते पडलं. आणि ‘टॉय सिंफनी’ हायडनची नाही, हे अभ्यासकांनी केव्हाच मान्य केलं आहे.

लंडनच्या बारा सिंफन्यांबद्दल खूप लिहिलं गेलंय, तेव्हा एवढंच. १७९० मध्ये निकोलाउस वारला आणि साठीच्या उंबरठ्यावर आलेला हायडन झालोमोन या व्हायोलिनवादकाच्या बोलावण्यावरून इंग्लंडला गेला. तिकीट काढून येणारा श्रोता त्याला तिथे भेटला. ऑक्सफर्डने डॉक्टरेट दिली. ‘सरप्राइझ’ सिंफनीच्या संथ भागात हळू चालीमध्येच अचानक येणारा तो दणका सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्यापुढे त्याच चालीची जी रूपं हायडन काढतो तिकडे लक्ष कोण देतो?

पुढच्या भागात बीथोव्हेन येणार असं छापलं आहे. त्याआधी निदान एक चौकट हायडनला द्यावी आणि वाचकांना ८८ व ९० या सिंफन्या ऐकायला सांगाव्यात. ८८ मध्ये ट्रम्पेट आणि टिंपनी (मोठे नगारे) पहिला भाग नुसते बसून राहतात आणि संथ दुसऱ्या भागात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, अंगावर येतात. ९० च्या अखेरीस मात्र टाळ्या वाजवायची घाई करू नये. संगीत थांबतं, लोक हात उचलतात, आणि ते भलत्याच पट्टीतून पुन्हा सुरू होतं.

कळावे,
आपली एक वाचक, डोंबिवली