नेत्रतज्ज्ञाच्या पाटीवर नोंदणी क्रमांक कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेलूत माझं चष्म्याचं दुकान आहे. मी ऑप्टोमेट्री शिकलो आहे; तीन वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप. नंबर काढतो, चष्मा देतो, संशय आला की पुढे पाठवतो. लोक मला डॉक्टर म्हणतात. नाही म्हणून सांगतो, पण दहा मिनिटांनी पुन्हा ‘डॉक्टरसाहेब’ सुरू.

गेल्या महिन्यात वालूरकडच्या एक मावशी आल्या. पिशवीतून तीन चष्मे काढून काउंटरवर मांडले. दीड वर्षात तीन! “बल्बाभोवती रंगाचे कडे दिसायलेत, अन् दाराची चौकट खांद्याला लागायली,” म्हणाल्या. हवेचा झोत मारून डोळ्याचा दाब मोजायचं मशीन माझ्याकडे आहे. उजव्या डोळ्याचा दाब 38 निघाला, डाव्याचा 34. एरवी तो 21 च्या आत असावा लागतो. चष्म्याचा इथे काही संबंधच नव्हता. त्याच दिवशी त्यांना परभणीला पाठवलं. काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची कडेची नजर गेलेली आहे आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आता थेंब टाकून उरलेली सांभाळायची.

त्या तीन चष्म्यांच्या नंबराचे तिन्ही कागद मी पाहिले. वर ‘नेत्रतज्ज्ञ’, शेजारी डोळ्याचं रंगीत चित्र, दोन मोबाइल नंबर, रविवारी बंद. पदवी नाही आणि नोंदणी क्रमांकही नाही.

हा क्रमांक काय असतो ते मी घरात पाहिलं आहे. धाकटी बहीण अंबाजोगाईच्या शासकीय महाविद्यालयात एमबीबीएस झाली. इंटर्नशिपसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी, ती संपल्यावर कायमची. मग तीन वर्षं नेत्रविज्ञानात एमएस. तरी काम संपलं नाही. एमएस ही वाढीव पात्रता म्हणून पुन्हा कौन्सिलकडे नोंदवायची होती. त्यासाठी देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन चिंचपोकळीचं ऑफिस गाठलं. मूळ कागद तिने रात्रभर उशाखाली ठेवले होते. इकडे गाळ्याचं भाडं सुरू झालेलं. मालक रोज विचारायचे, “ताई, पाटी कधी लावता?” पाटी रंगवून तयार होती. पेंटरने क्रमांकापुरती जागा कोरी सोडली होती. तिने ती पाटी तशीच भिंतीला टेकवून ठेवली आणि क्रमांक आल्यावरच वर चढवली. नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, हे वेगळंच.

तिचा हट्ट मला तेव्हा जरा जास्तच वाटला होता. पण डॉक्टरांच्या वर्तनाचे 2002 चे नियम स्पष्ट आहेत: नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा, चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशाच्या पावतीवरही छापायचा. त्या विषयाची खास पदवी नसेल तर स्वतःला तज्ज्ञ म्हणवायचं नाही. आमच्या पेशासाठीही 2021 मध्ये वेगळा केंद्रीय कायदा झाला आणि त्यात ऑप्टोमेट्रिस्टांची नोंदवही आहे. तेव्हा ‘आम्ही नुसते चष्मेवाले, आम्हाला कोण विचारतो’ ही पळवाट आमच्या लोकांनीही सोडावी.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बोगस डॉक्टर शोधायची समिती असते. तिने आठवडी बाजाराच्या दिवशी एक फेरी मारावी. मशीन नको, तपासणी नको. ‘नेत्रतज्ज्ञ’ लिहिलेली प्रत्येक पाटी बघायची, क्रमांक टिपायचा आणि कौन्सिलच्या यादीशी ताडायचा. गावोगावच्या मोफत शिबिरांनाही हेच लावावं. मंडपाच्या बॅनरवर पुढाऱ्यांचे आठ फोटो मावतात, तपासणाऱ्याचा क्रमांक मात्र मावत नाही!

माझ्या काउंटरवर आता कागद चिकटवलाय: ‘येथे डॉक्टर नाहीत, फक्त चष्म्याचा नंबर तपासला जातो.’ मावशी परवा थेंबांची बाटली दाखवायला आल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवला. “बरं डॉक्टरसाहेब,” म्हणाल्या.

आपला,
एक ऑप्टोमेट्रिस्ट
सेलू, जि. परभणी
(कृपया नाव छापू नये.)