'प्रीमियम' नोकरीशोधाचा जमाखर्च

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीच्या संकेतस्थळांवर पैसे भरून घेतलेल्या जादा सेवेचा उपयोग होतो का, हा प्रश्न सध्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक घरांत निघतो. आमच्या घरी तो अनुभवाने सुटला. मेकॅनिकल डिप्लोमा झालेल्या माझ्या मुलाने एका संकेतस्थळाला तीन महिन्यांचे पैसे भरले. 'आपला बायोडेटा पाहिला गेला' असे संदेश रोज येऊ लागले. फोन मात्र आले ते विमा विकण्याच्या कामाचे, आणि तेही बायोडेटाच्या पहिल्याच ओळीत 'सीएनसी टर्निंग' (म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथचे काम) असे लिहिलेले असताना!

यात फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. शोधयादीत नाव वर दिसावे, यासाठीच ते पैसे असतात. पण ज्या कामासाठी ती यादी कोणी उघडतच नाही, तिथे वर असून काय उपयोग? इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री आणि मशीन शॉपवाले माणसे घेतात ती बहुतेक वेळा ओळखीने, कंत्राटदारामार्फत, नाहीतर गेटवर पाटी लावून. मुलाचे कामही शेवटी तसेच झाले. गल्लीतल्या एका फिटरकाकांनी सुपरवायझरची गाठ घालून दिली, ट्रायलला त्याने एक शाफ्ट टर्न करून मायक्रोमीटरने मोजून दाखवला आणि सोमवारपासून ये म्हणून सांगितले गेले. बायोडेटा कोणी मागितलाही नाही.

पुण्यात किंवा बेंगळुरूत सॉफ्टवेअरची, चार-पाच वर्षांच्या अनुभवावरची नोकरी शोधणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे भरती करणारे खरोखरच अशा याद्या चाळतात, त्यामुळे एखाद्या महिन्यापुरता हा खर्च करून पाहायला हरकत नाही. मात्र पैसे भरताना ऑटोपे, म्हणजे पुढची रक्कम खात्यातून आपोआप कापण्याची परवानगी, चालू राहिले का, हे जरूर पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते; ती आमच्याकडेही आली होती, जाहिरातींच्या ढिगाऱ्यात कोणी वाचली नाही इतकेच. नव्याने बाहेर पडणाऱ्या मुलांनी आधी केंद्र सरकारच्या, २०१५ पासून चालू असलेल्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर नोंदणी करावी. तिला पैसे पडत नाहीत.

संकेतस्थळांकडे माझी मागणी एवढीच आहे की, उमेदवाराकडून पैसे घेण्याआधी त्याच्या जिल्ह्यात, त्याच्या कामासाठी गेल्या महिन्यात किती कंपन्यांनी शोध घेतला, तो आकडा त्याला दाखवावा.

आपला,
एक पालक, बेळगाव