केस पेपरवर नुसतं ‘नोकरी’ नको, काम लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या उद्योग पुरवणीतला कोल्हापूरच्या फौंड्रीवरचा, म्हणजे धातूच्या ओतकामावरचा लेख वाचला. उद्यमनगरातल्या ऑइल इंजिनांपासून आजच्या गाड्यांच्या सुट्या भागांपर्यंत सगळं त्यात नीट आलं आहे. माझे वडील, आण्णा, शिरोली एमआयडीसीत २६ वर्षं फेटलिंगला होते. त्या कामाबद्दल आणि त्यातून होऊ शकणाऱ्या स्क्लेरोडर्मा या कातडी आखडणाऱ्या आजाराबद्दल लेखात काहीच नव्हतं, म्हणून हे पत्र.

मी स्वतः कोल्हापुरात एका लॅबमध्ये १४ वर्षं टेक्निशियन आहे. रोज लोकांचं रक्त काढते, सांधेवाताच्या तपासण्या करते. तरी घरातला आजार ओळखायला मलाही साडेतीन वर्षं लागली.

ज्यांना फेटलिंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साच्यातून कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, बाहेर पडलं की त्याच्या अंगाला भाजलेली वाळू चिकटलेली असते, कडेला नको असलेला धातू असतो. ते छन्नीनं तोडायचं आणि हँड ग्राइंडर मारून साफ करायचं. ही वाळू म्हणजे सिलिका. जी धूळ उन्हाच्या तिरपीत दिसते ती बहुतेक नाकाघशात अडकते. खरा धोका न दिसणाऱ्या धुळीचा असतो, ती थेट फुप्फुसाच्या तळाला जाते. आण्णा तोंडाला रुमाल बांधायचे. पाळी सुटली की कॉम्प्रेसरच्या पाइपनं एकमेकांचे कपडे झाडायचे, म्हणजे खाली बसलेली धूळ पुन्हा तोंडावर. रोज गुळाचा एक खडा मिळायचा. गुळानं धूळ निघते असा तिथं सगळ्यांचा भरवसा. आण्णा अर्धा खडा कागदात बांधून आम्हा भावंडांना आणायचे, आम्ही वाटेकडं डोळे लावून बसायचो. गुळानं घशाला बरं वाटत असेलही, पण मास्कचं काम गूळ करत नाही.

२०१६ च्या थंडीत आण्णा पहाटे नळाखाली तोंड धुताना म्हणाले, “बोटं बघ गं.” दोन बोटं खडूसारखी पांढरी झाली होती. थोड्या वेळानं निळी पडली, मग लाल झाली आणि ठणकायला लागली. पहिल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी ग्राइंडरच्या थरथरीनं होतं असं सांगितलं. तेही खोटं नव्हे, वर्षानुवर्षं ग्राइंडर धरणाऱ्यांची बोटं तशी पांढरी पडतातच. पण त्या एका कारणावर सगळे थांबले. पुढं जळजळ सुरू झाली, घास अडकायला लागला, चढण चढताना दम लागायला लागला. एक्स-रेमध्ये ठिपके दिसले. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी टीबी समजून सहा महिने औषध झालं. सिलिका फुप्फुसात साठलेल्या माणसाला टीबीचा धोका जास्त असतो, त्यामुळं डॉक्टरांची शंका चूक होती असं मी म्हणणार नाही. पण काम काय करता, हे कुणीच विचारलं नाही.

त्या काळातले सात केस पेपर मी जपून ठेवलेत. ‘व्यवसाय’ या रकान्यात चार ठिकाणी ‘नोकरी’ आहे. दोन ठिकाणी ‘शेती’ आहे, कारण शियेला आमचं दहा गुंठे रान आहे आणि विचारलं की आण्णा तेच सांगायचे. एका कागदावर रकाना कोराच आहे.

शेवटी सांध्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी आधी हातात हात घेतला, मनगटाजवळची कातडी चिमटीत धरून बघितली आणि विचारलं, “आयुष्यभर काय काम केलंत?” आण्णांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “हे आधी कुठं लिहिलंय का?”

तपासणीसाठी रक्त मीच काढलं. हजारो हात धरलेत मी, पण तो हात अजून आठवतो. बोटांवरची कातडी चिमटीत येईना. सुरकुत्या गेलेल्या, वरून तुकतुकीत, आतून ओढून बसवल्यासारखी. मूठ पूर्ण मिटत नव्हती. शीर कोपराच्या आत मिळाली, तीही तिसऱ्या प्रयत्नात. रिपोर्ट आला. एएनए पॉझिटिव्ह, एससीएल-७० पॉझिटिव्ह, म्हणजे स्वतःच्याच शरीराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं रक्तात सापडली. आजाराचं नाव स्क्लेरोडर्मा. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते, कातडी घट्ट होत जाते, आत फुप्फुस, अन्ननलिका, रक्तवाहिन्यांवर घाला येतो. आण्णांनी बिडीला कधी हात लावला नाही. दारू नाही. तरी नातेवाईक विचारायचे, “काय खाण्यात आलं हो?”

हे काही नवं नाही, हे कळलं तेव्हा मला जास्त वाईट वाटलं. एडिनबराचे डॉ. बायरम ब्रॅमवेल यांनी दगड घडवणाऱ्या कारागिरांमध्ये हा आजार जास्त दिसतो असं १९१४ मध्येच लिहून ठेवलंय. १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतल्या कामगारांबद्दल इरास्मस यांनी तेच मांडलं. त्याआधी १९५३ मध्ये कॅप्लन यांनी वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांचा आमवात (सांधे सुजवणारा संधिवात) आणि त्यांच्या फुप्फुसातल्या गाठी यांचा संबंध दाखवला होता. सिलिकाचा कण फुप्फुसातली सफाई करणारी पेशी गिळते, पण तिला तो पचत नाही. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी तोच गिळते. ही आग वर्षानुवर्षं धुमसत राहते आणि काही जणांच्या शरीरात आपलं-परकं ओळखण्यात चूक व्हायला लागते. आमवात, ल्युपस (हाही शरीरावर उलटणाराच आजार), स्क्लेरोडर्मा, तिन्हींचा धोका सिलिकानं वाढतो. आमवाताच्या बाबतीत धूळ आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की धोका आणखी वाढतो, हे स्वीडनमधल्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून एखादा फेटलर बिडी ओढत असेल तर सगळा दोष बिडीवर टाकून त्याला वाटेला लावू नये. मशिन शॉपमध्ये तेलकट भाग धुवायला वापरतात त्या ट्रायक्लोरोइथिलीनसारख्या द्रवांचा संबंधही स्क्लेरोडर्माशी जोडला गेला आहे.

आण्णांचा आजार धुळीनंच झाला हे मी सिद्ध करू शकत नाही. हा आजार कधीही वाळूला हात न लावलेल्या बायकांनाही होतो, किंबहुना एरवी तो बायकांमध्येच जास्त दिसतो. म्हणून तर पुरुषाच्या बाबतीत कामाची चौकशी आधी व्हायला हवी.

कायद्यात काय आहे? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीनं फुप्फुसाला होणारा आजार, होता. कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला तो झाल्याची शंका आली तर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवणं कलम ८९ नुसार बंधनकारक होतं. २०२० च्या नव्या कामगार सुरक्षा व आरोग्य संहितेतही तशी यादी आहे. ‘पूर्वी केलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे, कारण हे आजार दहा-वीस वर्षांनी वर येतात. तोवर ठेकेदार चार वेळा बदललेला असतो, हजेरीचं कार्ड उंदरांनी खाल्लेलं असतं. सिलिकामुळं होणारा स्क्लेरोडर्मा किंवा आमवात मात्र त्या यादीत नाही. म्हणजे आण्णांच्या छातीतले ठिपके कायद्याला दिसतात आणि कदाचित त्याच धुळीनं आखडलेली बोटं दिसत नाहीत.

धुळीची मर्यादाही बघा. आपल्याकडचं जुनं सूत्र शुद्ध क्वार्ट्झच्या बारीक धुळीला लावलं तर घनमीटरला सुमारे ०.१ मिलिग्रॅम येतं. अमेरिकेनं २०१६ मध्ये ती ०.०५ वर आणली. पण मोजणी करणारा छोटा पंप कामगाराच्या कॉलरला दिवसभर लावल्याशिवाय खरा आकडा कळत नाही, आणि आण्णांच्या कॉलरला २६ वर्षांत तो एकदाही लागला नाही.

कारखाने बंद करा असं मी म्हणत नाही. आमचं घर, माझं शिक्षण त्याच कास्टिंगवर झालं. धूळ जिथं उठते तिथंच ओढून घेणारी यंत्रणा, ओलं काम, चेहऱ्यावर घट्ट बसणारा खरा मास्क, हवेच्या पाइपनं कपडे झाडायला बंदी, हे शिरोलीतल्या चांगल्या कारखान्यांना अवघड नाही. माझं खरं मागणं डॉक्टर मंडळींकडं आहे. रकान्यात ‘नोकरी’ लिहू नका. ‘फेटलिंग, २६ वर्षं’ असं लिहा. कोअर शॉप, नॉकआऊट, भट्टीचं लाइनिंग, फौंड्रीतलं जे काम असेल ते लिहा. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत छातीच्या फोटोबरोबर हातही बघा. बोटं थंडीत पांढरी पडतात का, मूठ मिटते का, सकाळी सांधे धरतात का, हे विचारायला दोन मिनिटं लागतात.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयानं कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात महिन्यातून एक दिवस निवृत्त आणि कंत्राटी फौंड्री कामगारांसाठी ठेवावा, अशी विनंती मी करणार आहे. आण्णांबरोबर त्या शेडमध्ये काम केलेल्या अकरा जणांची नावं मी वहीत लिहून घेतली आहेत. त्यातल्या तिघांची बोटं पांढरी पडतात. तो दिवस ठरला की त्या तिघांना आणि आण्णांना घेऊन मी स्वतः येईन.

आपली नम्र,
एक लॅब टेक्निशियन
शिये, ता. करवीर, जि. कोल्हापूर
(नाव छापू नये, ही विनंती.)