शुगरवाल्या रोजेदारांसाठीही दोन ओळी छापा

मा. संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार.

रमजान लागला की तुम्ही रोज पहाटेच्या खाण्याची म्हणजे सहरीची आणि संध्याकाळच्या इफ्तारची वेळ छापता, आमच्याकडं पेपर आला की आधी तोच चौकोन बघतात, त्याबद्दल मनापासून आभार. त्याच्याच खाली शुगरवाल्यांसाठी दोन ओळी टाका एवढीच विनंती आहे.

आमच्या भागात शुगरची गोळी नाहीतर इन्सुलिन चालू असलेली माणसं भरपूर आहेत आणि रोजा सोडायचं नाव कोणी काढत नाही. त्यांच्या जिद्दीचा मला आदरच आहे. पण मार्चमधलं सोलापूरचं ऊन, त्यात दिवसभर लूमवर उभं राहायचं, सहरी पहाटे साडेपाचच्या आसपास संपली की इफ्तार थेट संध्याकाळी साडेसहाच्या पुढं, म्हणजे १३ तास पाण्याचा थेंब नाही. अशात लोक गोळी मनानंच बंद करतात, कोणी दिवसाचा सगळा डोस सहरीलाच घेऊन टाकतं, मग दुपारी हातपाय थरथरायला लागतात, दरदरून घाम सुटतो तरी संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजपर्यंत कळ काढू म्हणत बसून राहतात. हे फार धोक्याचं आहे हो! आणि इफ्तारला विजापूर वेशीतल्या बाजारातलं तळलेलं आणि गोड एकदम पोटात गेलं की शुगर उलट चढते.

बोटाला सुई टोचून शुगर बघितली की रोजा तुटतो असं अजून कितीतरी जणांना वाटतं. तुटत नाही, उलेमा म्हणजे धर्माचे जाणकार पण हेच सांगतात. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर थांबायचं नाही, रोजा लगेच सोडायचा असं डॉक्टर सांगतात. कुराणात सूरह बकरामध्ये जिथं रोज्याचा हुकूम आहे तिथंच आजारी आणि प्रवासातल्या माणसाला सवलत आहे, बरं वाटल्यावर तेवढे रोजे नंतर ठेवा म्हणून, आणि ज्याला पुढंही जमणारच नाही त्यानं फिदया द्यायचा, एका रोज्यामागं एका गरिबाचं जेवण. सवलत अल्लाहनंच दिलीय, मग आपल्या म्हाताऱ्या अम्मी-अब्बांना ती घ्यायची लाज का वाटावी? घरातल्यांनीच त्यांना हे समजावून सांगायला पाहिजे.

पुढच्या वर्षी रमजान अजून १०-११ दिवस आधी येणार, तेव्हा रमजानच्या आधीचा शाबान महिना चालू असतानाच हे छापलंत तर लोकांना डॉक्टरकडं जाऊन डोस आणि वेळा बदलून घ्यायला सवड मिळेल.

आपला,
एक वाचक, सोलापूर