पतीच्या निधनानंतर त्यांचं गेम खातं वारसांना न देता बंद केल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग (भारत)

विषय : मृत ग्राहकाचं खातं वारसांच्या नावे करून न देता कायमचं बंद केल्याबाबत

महोदय / महोदया,

माझे पती आपल्या डिजिटल स्टोअरचे जुने ग्राहक होते. गेल्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांनी विकत घेतलेले गेम आमच्या मुलाला पुढेही खेळता यावेत, म्हणून हे खातं माझ्या नावावर करून द्यावं, असा अर्ज मी आपल्या ग्राहक सेवेकडे केला. सोबत मृत्यूचा दाखला जोडला होता. उत्तर आलं की गेमचा परवाना, म्हणजे तो वापरायची परवानगी, वैयक्तिक आणि अहस्तांतरणीय असल्यामुळे विनंती मान्य करता येत नाही, आणि खातेदार हयात नसल्याचं समजल्यामुळे सुरक्षेच्या कारणास्तव खातं बंद करण्यात येत आहे. त्यानंतर मुलाने कन्सोल लावला, तर एकूण एक गेमवर कुलपाचं चिन्ह. ही तक्रार त्या निर्णयाविरुद्ध आहे, आणि ती मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.

खात्यावर चाळीसेक गेम आहेत. काही दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेले, बरेचसे पूर्ण किमतीला. प्रत्येकाची पावती यजमानांच्या ईमेलमध्ये आहे आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लावलेला आहे. सगळ्यांची बेरीज साठ हजारांच्या वर जाते. आमच्यासारख्या घराला ही रक्कम लहान नाही. शिवाय वॉलेटमध्ये 2,350 रुपये शिल्लक आहेत. मुलाच्या वाढदिवसाला त्याला हवा तो गेम घेता यावा म्हणून यजमानांनी ते आगाऊ भरून ठेवले होते. या पैशांतून अजून काहीच घेतलेलं नाही, म्हणजे तिथे कुठल्या परवान्याचा प्रश्नच येत नाही. तरीही खात्यासोबत तेही अडकले. त्याबद्दल आपल्या उत्तरात एक ओळसुद्धा नाही.

गेमइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्यांतला सेव्ह केलेला डेटा. बापलेक मिळून एक शेतीचा गेम खेळायचे. त्यातल्या शेताला त्यांनी आमच्या गावच्या शेताचं नाव दिलं होतं. कोंबड्यांच्या खुराड्यावर आजीचं नाव, विहिरीशेजारी लावलेली आंब्याची रांग, आणि नदीवरचा पूल अर्धा बांधून ठेवलेला, कारण लाकडं कमी पडली होती. हे सगळं आपल्या सर्व्हरवर आहे. मुलगा तेरा वर्षांचा आहे. गेम परत विकत घेऊन देते म्हटलं, तर तो म्हणाला, "तो नवीन शेत देईल, आई. आपलं नाही देणार." त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि यावर काय करायचं हे आपणच सांगायला हवं.

यजमानांची सुरुवात डिस्कपासून झाली. लग्नाआधी मुंबईत नोकरीला असताना ते लॅमिंग्टन रोडवरून गेम आणायचे, बहुतेक सेकंडहँड. त्या डिस्क आजही आमच्या कोल्हापूरच्या घरी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. काही डिस्कच्या डब्यांवर दुकानदाराने पेनने लिहिलेली किंमत अजून वाचता येते. एका डब्यात वहीच्या कागदाची घडी आहे. तो गेम कोणाकोणाला नेऊ दिला ती नावं, आणि परत आला की त्यावर काट. यजमान गेल्यावर या डिस्क मुलाकडे आल्या. त्यासाठी आम्हाला कोणाला विचारावं लागलं नाही. जुना कन्सोल अजून चालतो. मुलगा त्यातला एखादा गेम मित्राला देतो आणि बदल्यात दुसरा घेऊन येतो. ज्या कंपन्यांनी ते गेम काढले, त्यांतल्या काही आता अस्तित्वातही नाहीत, पण डिस्क लावली की गेम सुरू होतो.

मग त्यांनी डिस्क घेणं का सोडलं? कारणं साधी होती. इकडच्या दुकानांत नवे गेम वेळेवर मिळत नसत. आमच्याकडच्या पावसाळ्यात डिस्कवर बुरशी धरते, एक-दोन तशाच वाया गेल्या. नवा कन्सोल घेताना डिस्क ड्राइव्ह नसलेलं मॉडेल स्वस्त पडलं. पण सगळ्यांत मोठं कारण मला माहीत आहे, कारण ते त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. डिस्क फुटते, हरवते, खात्यात घेतलेला गेम कुठे जात नाही. पोरगा मोठा झाला की त्याला सगळं एका जागी मिळेल. म्हणजे टिकावं म्हणूनच त्यांनी डिजिटल घेतलं. आपल्या जाहिरातीही हेच सांगतात, की तुमची लायब्ररी कायम तुमच्यासोबत. लायब्ररी खात्याच्या मालकाबरोबर संपते, हे कुठल्याच जाहिरातीत सांगितलेलं नाही.

डिजिटल वस्तू हातात धरता येत नाही, म्हणून ती वारसाला देता येत नाही, असा युक्तिवाद आपल्या उत्तरातून दिसतो. आपल्या देशात हा युक्तिवाद टिकणारा नाही. यजमानांच्या नावावर थोडे शेअर होते. ते कागदावर नव्हते, डीमॅट खात्यात होते. 1996 मध्ये डिपॉझिटरी कायदा आला तेव्हापासून शेअरचा कागद हळूहळू गेला, पण मालकी गेली नाही. नॉमिनी म्हणून मी फॉर्म भरला, मृत्यूचा दाखला आणि केवायसी दिली, आणि शेअर माझ्या खात्यात आले. बँकेतली शिल्लक हीसुद्धा संगणकातली नोंदच असते, तीही मिळाली. गावच्या जमिनीला तलाठ्याकडे वारस नोंद झाली. स्कूटर आरटीओत माझ्या नावावर झाली. वीजमीटरचं नाव बदललं. कागदपत्रं प्रत्येक ठिकाणी लागली, आणि ती लागणारच. पण तुमचा माणूस गेला, तेव्हा आता ही वस्तू आमची, असं मला कोणीही म्हटलं नाही. असं म्हणणारं एकमेव ठिकाण आपलं आहे.

इथे आणखी एक गोष्ट मला फार लागली. मी खरं सांगितलं म्हणून खातं बंद झालं. यजमानांचा पासवर्ड मुलाला ठाऊक होता. त्यांचा मोबाइल नंबर चालू ठेवून, पडताळणीचा कोड घेऊन, आम्ही गुपचूप वापरत राहिलो असतो, तर आपल्याला कधी कळलंही नसतं. अनेक घरांत तेच होत असणार. आपला नियम प्रामाणिक माणसाला शिक्षा करतो आणि लपवणाऱ्याला सोडून देतो. वडिलांच्या माघारी खोटेपणाने त्यांच्या नावाने वावरायचं, हे मला मुलाला शिकवायचं नव्हतं, म्हणून मी रीतसर अर्ज केला.

आपली अडचण मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. मृत्यूच्या खोट्या बातमीवर कोणी दुसऱ्याचं खातं लाटू नये, ही काळजी रास्त आहे. पण तिच्यावरचा उपाय बँकांकडे केव्हाचा आहे. दाखला, वारसाची कागदपत्रं, लागलं तर प्रतिज्ञापत्र. यांतलं जे मागाल ते मी द्यायला तयार आहे. गेमच्या प्रती वाढतील, अशीही भीती असेल. प्रती वाढत नाहीत. एक खातं होतं, एकच राहील. वापरणारा बदलेल, इतकंच.

हा प्रश्न फक्त माझा नाही, हे मला यानिमित्ताने वाचताना कळलं. 2024 मध्ये स्टीम या ऑनलाइन गेम दुकानाच्या ग्राहक सेवेने एकाला कळवलं होतं की मृत्युपत्रानेही खातं दुसऱ्याला देता येणार नाही. त्यावर बरीच चर्चा झाली. त्याच सुमारास गॉग या तशाच दुसऱ्या दुकानाने मात्र न्यायालयाचा तसा आदेश आणल्यास शक्य ते करू, अशी भूमिका घेतली. म्हणजे इच्छा असेल तर मार्ग निघतो. गॉगवर घेतलेल्या गेमची इन्स्टॉल करायची फाइल ग्राहकाला स्वतःकडे उतरवून ठेवता येते, तीही डिजिटल कुलपाशिवाय, म्हणजे खात्याशी न बांधता. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून कायदा लागू आहे. ग्राहकाला फक्त परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूवर 'विकत घ्या' असं बटण लावता येत नाही. आपल्या भारतातल्या स्टोअरवर आजही 'खरेदी करा' हेच बटण आहे आणि परवान्याची गोष्ट अटींच्या लांबलचक पानात आत कुठेतरी आहे. सगळीकडे ग्राहकाच्या बाजूनेच निकाल लागले, असं मी म्हणणार नाही. फ्रान्समध्ये 2019 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने डिजिटल गेमची पुनर्विक्री करता आली पाहिजे असं म्हटलं होतं, ते 2022 मध्ये अपिलात फिरलं. पण मी पुनर्विक्री मागतच नाही. मला यातला एकही गेम विकायचा नाही.

डिस्क घेतली असती तर सगळं सुरक्षित राहिलं असतं, असंही मी मानत नाही. 'द क्रू' हा 2014 चा रेसिंग गेम 31 मार्च 2024 रोजी सर्व्हर बंद झाल्यावर कायमचा थांबला; ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही. त्यातूनच युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि दहा लाखांहून जास्त लोकांनी तिला सह्या दिल्या. तेव्हा वस्तू डिस्कवर आहे की सर्व्हरवर, यावर मी भांडत नाही. पूर्ण किंमत घेतल्यावर ती वस्तू ग्राहकाच्या घरात राहिली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. ज्या दिवशी आपल्याला ती परत घ्यायची असेल तो दिवस आधी सांगा आणि त्याप्रमाणे भाडं घ्या. आम्ही तेही विचार करून देऊ.

कायद्याबद्दल. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे ग्राहकाचा मृत्यू झाल्यास त्याचा कायदेशीर वारस तक्रारदार होऊ शकतो. त्यामुळे मी खातेदार नसल्यामुळे आपण मला उत्तर देणं लागत नाही, ही भूमिका आपल्याला घेता येणार नाही. वाजवी कारणाशिवाय एका पक्षाला करार एकतर्फी संपवण्याचा अधिकार देणारी अट याच कायद्यात अनुचित कराराच्या व्याख्येत येते. खातेदाराचा मृत्यू हे साठ हजारांच्या वस्तू आणि वॉलेटमधले पैसे ठेवून घेण्याचं वाजवी कारण आहे का, हे आपण लेखी सांगावं. ई-कॉमर्स नियम 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. या पत्राला तो नियम लागू आहे, असं मी धरते.

माझी मागणी अशी. खातं तातडीने पुन्हा सुरू करावं आणि सगळे गेम व सेव्ह केलेल्या डेटासह ते माझ्या नावावर करावं. मुलगा सज्ञान झाला की त्याच्या नावावर करण्याची सोय ठेवावी. तोवर सर्व्हरवरचा आमचा डेटा कोणत्याही कारणाने पुसू नये, ही सगळ्यांत निकडीची विनंती आहे, कारण बाकी सगळं उशिरा मिळालं तरी चालेल, पण पुसलेलं परत येणार नाही. बंद खात्यांचा डेटा आपण किती दिवस ठेवता हे आपल्या अटींत मला सापडलं नाही, ते कळवावं. वॉलेटमधली रक्कम वेगळी ठेवून माझ्या बँक खात्यात जमा करावी. आणि जसं बँकेत, तसं प्रत्येक ग्राहकाला खातं उघडतानाच नॉमिनी नेमता यावा. त्यासाठी फॉर्ममध्ये एक रकाना वाढवावा लागेल, त्यात फार मोठी तांत्रिक अडचण असेल असं वाटत नाही. हे मी फक्त माझ्यासाठी मागत नाही. आज जे पस्तिशी-चाळिशीत आहेत, त्यांच्या खात्यांत आयुष्यभराची खरेदी साठत चालली आहे, आणि त्यांच्या घरच्यांना यातलं काहीच माहीत नाही.

खातं देणं शक्य नसेल, तर सर्व गेमची पूर्ण किंमत जीएसटीसह परत करावी. पण मी स्पष्ट सांगते, की पैसे ही माझी दुसरी पसंती आहे.

महिन्याभरात समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर ई-जागृती या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरून ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, याची मी चौकशी केली आहे. तिथवर जायची वेळ आपण येऊ देऊ नये, असं मनापासून वाटतं. कृपया तयार मजकुराचं उत्तर पाठवू नये. हे पत्र वाचलेल्या माणसाने स्वतःच्या नावानिशी उत्तर द्यावं.

कळावे,

आपल्या ग्राहकाची पत्नी व कायदेशीर वारस,
कोल्हापूर

सोबत : मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रं, सर्व खरेदीच्या पावत्या, वॉलेट शिल्लक दाखवणारा ईमेल, आपल्या ग्राहक सेवेचं उत्तर.